एकविसावी पुतळी

सराफ बाजारात १९ वर्षं जुनं सोनं तपासतोय, पण परवाचं काही डोक्यातून जात नाहीये.

निफाडकडच्या एक आजी आल्या, सोबत मुलगा. द्राक्षबागेचं कर्ज होतं म्हणून पुतळ्यांची, म्हणजे नाण्यासारख्या सोन्याच्या चकत्यांची, माळ मोडायची होती. एकवीस पुतळ्या, सगळ्यांवर हळदकुंकू अगदी थापलेलं. मी गोफ कापला, पुतळ्या रिठ्याच्या पाण्यात टाकल्या, ब्रश मारला. मळासकट वजन केलं तर ते खरं येत नाही ना.

वीस इकडच्याच, पातळ पत्र्यावर ठसा मारलेल्या, अक्षरांच्या जागी नुसत्या रेघोट्या. एकविसावी उचलली तर हाताला जड. काट्यावर ३.४ ग्रॅम. आमच्या पोराने मशीनवर ठेवली, म्हणे ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध आहे, आणि झालं याचं काम! अरे मशीनला सोनं कळतं, नाणं नाही कळत. भिंग लावलं तर दोन आकृत्यांच्या मधल्या काठीलगत डी-व्ही-एक्स ही अक्षरं उभी, एकदम स्वच्छ. व्हेनिसचं डुकाट, तिथलं जुनं सोन्याचं नाणं. १२८४ पासून १७९७ पर्यंत पाडायचे ते, आणि आपल्याकडची पुतळी त्याचीच नक्कल. एका बाजूला संत मार्क आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला तिथला डोज, म्हणजे निवडलेला राज्यप्रमुख (डी-व्ही-एक्स ही त्याचीच पदवी), दुसरीकडे ताऱ्यांच्या मधोमध येशू. इतकी वर्षं नकलाच बघितल्यात, अस्सल हातात आली आणि मी खुळ्यासारखा हसत बसलो.

शेठ हळूच म्हणाले, सगळ्या मुशीत टाक, वजनावर पैसे देऊ. मला नाही पटलं. नाणी जमवणारे याला वजनापेक्षा जास्त देतात, ते गिऱ्हाइकाला कळायला नको? म्हणून मी मुलाला सगळं सांगितलं, जोरात, उत्साहात, संत कोण, येशू कुठे, सगळं.

आजी ऐकतच होत्या. म्हणाल्या, "राम-सीता हायेत ना त्ये? सासूबाईंनी तसंच सांगितलं व्हतं."

मी गप्प. शेठ मात्र हसले.

"मंग भाऊ, दर दसऱ्याला म्या कुंकू कोनाला वाह्यलं?"

मला काही सुचलंच नाही. मुलाने वीस मोडल्या, ती एक परत घेतली. आजींनी ती तळहातावर ठेवून बराच वेळ बघितली, मग पदराला गाठ मारताना म्हणाल्या, "आधी अशी दिसत नव्हती."

दिसणार कशी, कुंकू मीच धुतलं होतं.