फळ्यावरचा 'म्हणून'

शाळेच्या अमृतमहोत्सवाचं निमंत्रण साताऱ्याहून आलं, सोबत स्मरणिकेसाठी दोन पानं लिहा असा निरोपही. स्नेहसंमेलन, मैदान, अजिंक्यताऱ्यावरच्या सहली यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मला लिहायचंय ते बायबलच्या तासाच्या बाईंविषयी, आणि त्यातही योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय त्या कशा शिकवायच्या याविषयी. नुसतं 'बाई' म्हटलं की आपल्या शाळेत कोण ते सगळ्यांना कळतं.

त्यातली लाजराची गोष्ट, म्हणजे मार्था आणि मरीया यांच्या मेलेल्या भावाला येशू कबरेतून उठवतो ती, सगळ्यांना पाठ असते, तिथंच घोळ होतो. शेवट ठाऊक असल्यामुळे वाचणारा थेट कबरेपाशी जाऊन उभा राहतो. बाई मुलांना पाचव्या-सहाव्या वचनातच अडवायच्या. मार्था, तिची बहीण आणि लाजर यांच्यावर येशूची प्रीती होती, म्हणून लाजर आजारी असल्याचं कळल्यावर तो होता तिथंच आणखी दोन दिवस राहिला. बाई त्यातला 'म्हणून' तेवढा फळ्यावर लिहायच्या आणि त्याला गोल करायच्या. काही भाषांतरांत इथं 'तरी' घालून वाक्य मवाळ केलेलं आढळतं, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'म्हणून' असाच आहे. प्रीती होती म्हणून उशीर केला? असं कोण करतं?

मग हिशेब. फळ्यावर चार चौकोन. येशू यार्देन नदीपलीकडे होता आणि लाजराचं गाव बेथानी यरुशलेमजवळ, जेमतेम तीन किलोमीटरवर. यरीहोकडून वर यायचं तर पंचवीसेक किलोमीटरची वाट आणि सुमारे हजार मीटरची चढण. वाईहून पसरणीचा घाट चढून पाचगणीला जाताना जेवढं चढतो, त्याच्या जवळजवळ दुप्पट, असं बाई सांगायच्या. म्हणजे बहिणींच्या निरोप्याला एक दिवस, मुक्कामाचे दोन, येशूला यायला एक. बेरीज चार. आणि तो पोहोचला तेव्हा लाजराला कबरेत ठेवून चार दिवस झाले होते. निरोप मिळेपर्यंत लाजर बहुधा गेलाच होता. त्या दोन दिवसांनी त्याचा जीव घेतला नाही.

इथं बहुतेक शिकवणारे सुटकेचा श्वास सोडतात. बाई मात्र म्हणायच्या, "अजून सुटका नाही. चौथा अध्याय काढा." तिथं येशू काना नावाच्या गावात असतो आणि दूर कफर्णहूमात अंथरुणाला खिळलेला मुलगा त्याच्या शब्दानं बरा होतो. म्हणजे अंतराची अडचण नव्हतीच. प्रश्न पुन्हा जागच्या जागी.

असाच एक तास चालू असताना, वडील नुकतेच वारलेल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, मग आमच्याकडं का नाही आला तो?" बाईंनी खडू खाली ठेवला. त्या तिच्या बाकापाशी गेल्या आणि तिच्याच बायबलात 35व्या वचनावर बोट ठेवलं. येशू रडला. थोड्याच वेळात लाजर उठणार हे ठाऊक असूनही रडला. बाई आणखी काही बोलल्या नाहीत. घंटा झाली. पुढचा तास गणिताचा होता. सरांनी आत येऊन फळा पाहिला आणि तो गोल न पुसता उरलेल्या जागेत समीकरणं मांडली.

मार्था आणि मरीया एकच वाक्य बोलतात, 21व्या आणि 32व्या वचनात: तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. मार्थेला येशू शब्द देतो, मरीयेसोबत रडतो. दटावत मात्र कुणालाच नाही. म्हणून बाईंची सक्त ताकीद असायची की माणूस गेलेल्या घरी ही गोष्ट सांगून 'देवाची इच्छा' म्हणायचं नाही. तिथं जायचं आणि बसायचं.

प्रीतीचा पुरावा बाई उघड्या कबरेत शोधत नसत, 53व्या वचनात दाखवायच्या. लाजर बाहेर आला म्हणून पुढाऱ्यांची सभा भरली आणि त्या दिवसापासून येशूला मारायचा बेत ठरला. यहूदीयात, म्हणजे बेथानीच्याच प्रांतात, तुला दगडमार करू पाहत होते, असं शिष्यांनी आठव्या वचनात बजावलं होतं, तरी तो गेला. लाजराच्या जिवाची किंमत त्यानं स्वतःच्या जिवानं भरली. फळ्यावरच्या त्या 'म्हणून'पासून 53पर्यंत बाई खडूची लांब रेघ ओढायच्या.

आज मी मंडळीत पाळक आहे. संडे स्कूलच्या शिक्षकांना शिकवताना याच चार चौकोनांनी सुरुवात करतो, आणि माझ्या हाताखालच्या शिक्षकांच्या फळ्यांवरही ते दिसतात याचा आनंद आहे. शाळेत आता हा तास निम्म्यावर आलाय आणि गोष्ट पडद्यावर दाखवतात, असं ऐकून जीव हळहळतो. पडद्यावर दोन दिवस दोन क्षणांत सरतात.

बाई ते सरू देत नसत. बायबलचे तास मंगळवारी आणि शुक्रवारी असायचे. मंगळवारी त्या सहाव्या वचनावर पुस्तक मिटायच्या. बुधवारी, गुरुवारी मुलं व्हरांड्यात गाठून विचारायची, बाई, पुढं काय? त्यांचं एकच उत्तर असायचं, "शुक्रवारी." आणि शुक्रवारी वर्गात आल्या की हजेरी घ्यायच्या आधी, उभ्यानंच सातवं वचन वाचायच्या: चला, आपण पुन्हा यहूदीयात जाऊ.