आधी क्रियापदाखाली रेघ

स्मरणिकेत गॅदरिंगच्या आणि सहलींच्या आठवणी पुष्कळजण लिहितील. आमच्या इंग्रजीच्या सरांची वाक्यं ओळखायची पद्धत मात्र कुठेतरी छापून राहावी, म्हणून हा खटाटोप.

वाक्य सिम्पल, कंपाउंड की कॉम्प्लेक्स, म्हणजे केवल, संयुक्त की मिश्र, हे ठरवताना लांबी बघायची नाही आणि 'अँड' दिसला म्हणून भुलायचं नाही. काळ दाखवणाऱ्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची. 'हॅज बीन वेटिंग'सारख्या अख्ख्या समूहाला एकच रेघ. 'हॅविंग फिनिश्ड हिज होमवर्क, द बॉय वेन्ट आउट टू प्ले' हे लांबलचक वाक्य सिम्पलच, कारण रेघ फक्त 'वेन्ट'खाली पडते. 'हॅविंग फिनिश्ड' आणि 'टू प्ले' ही रूपं कर्त्याप्रमाणे किंवा काळाप्रमाणे बदलत नाहीत. 'राम अँड श्याम प्ले क्रिकेट' हेही सिम्पल. तिथे 'अँड'नं कर्ते जोडलेत, वाक्यं नव्हेत.

दोन रेघा आल्या की सांधा बघायचा. अँड, बट, ऑर, सो, येट यांनी जोडलेली दोन्ही वाक्यं स्वतंत्र उभी राहत असतील तर कंपाउंड. दो, बिकॉज, इफ, व्हेन, हू असेल तर कॉम्प्लेक्स. 'आफ्टर' लबाड: 'आफ्टर लंच वी लेफ्ट' सिम्पल, 'आफ्टर वी हॅड लंच, वी लेफ्ट' कॉम्प्लेक्स. 'आय नो ही इज ऑनेस्ट' यात तर सांधाच दिसत नाही. 'दॅट' गाळलेलं आहे, पण रेघा दोन पडतात, म्हणून सापडतं.

खरे मार्क जातात ते रूपांतरात. 'दो ही वॉज इल, ही केम' हे कॉम्प्लेक्स. कंपाउंड करताना 'ही वॉज इल, बट ही केम'. सिम्पल करताना 'इन स्पाइट ऑफ हिज इलनेस, ही केम'. 'इन स्पाइट ऑफ'नंतर नाम किंवा आयएनजी रूपच हवं, 'ही वॉज इल' तसंच ठेवलं की चुकलं. आपल्या तोंडात जरी-तरी बसलेलं, त्यामुळे पोरं 'दो'च्या जोडीला 'बट'ही घालतात. इंग्रजीत दोनांपैकी एकच.

'द टी इज टू हॉट टू ड्रिंक'चं कॉम्प्लेक्स 'द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट'. शेवटचं 'इट' निम्मा वर्ग विसरायचा. नव्या वाक्यात 'ड्रिंक'ला स्वतःचं कर्म लागतं. मूळ वाक्यात 'वॉज' असेल तर 'कुड नॉट', हेही तपासायचं. आणि 'अनलेस'मध्ये नकार आधीच दडलेला असतो, तेव्हा त्याच्यापुढे 'डोन्ट' लिहायचं नाही: 'अनलेस यू वर्क हार्ड, यू विल फेल'. कंपाउंडमध्ये हेच 'वर्क हार्ड, ऑर यू विल फेल'.