हजेरीत नाव, माणूस बागेत

सोबतच्या माणसानं खोटी हजेरी लावली तर ती वर कळवायची का, यावरून आमच्या प्लँटवर अजून दोन तट आहेत. मी कळवली. त्यामुळं काही जण आजही माझ्याशी कामापुरतंच बोलतात. त्या रात्री काय घडलं ते नीट माहीत नसतानाच दोन्ही बाजूंनी बरंच बोलून झालंय, म्हणून हे लिहितोय.

सांगलीजवळच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी मेंटेनन्स बघतो. आमच्याकडं मुख्य माल बेदाण्याचा. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज भागातून १५ किलोचे बॉक्स येतात आणि चार-पाच अंशांत महिनोन् महिने राहतात, म्हणजे बेदाण्याचा रंग टिकतो. ही थंडी अमोनियाच्या जोरावर. हा वायू पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून अंगावर जिथं ओल असेल तिथं तो आधी भाजतो. डोळे, नाक, घसा, घामेजलेली मान.

प्लँटरूममध्ये रात्रपाळीला दोघं लागतात, एक ऑपरेटर आणि एक हेल्पर. याला कारण आहे. कॉम्प्रेसरमधलं तेल थोडं थोडं अमोनियाबरोबर पुढं जातं. ते अमोनियापेक्षा जड असल्यामुळं टाकीच्या तळाला साठतं आणि अधूनमधून खालच्या व्हॉल्व्हमधून काढावं लागतं. तेल संपलं की त्याच वाटेनं अमोनिया येतो. म्हणून तिथं स्प्रिंगचा लिव्हर असतो. हातानं दाबून धरला तरच उघडा राहतो, हात सोडला की आपोआप बंद. एकानं लिव्हर धरायचा, दुसऱ्यानं गेज बघायचं, तासाचं रीडिंग लिहायचं, काही झालंच तर मशीन बंद करायचं.

नोव्हेंबर चालू होता. दुपारी अवकाळी पाऊस येऊन गेला होता. रात्री दीडच्या सुमारास मी डॉकवर होतो, हमाल पहाटेच्या गाडीत बॉक्स भरत होते. आधी वास आला. पाठोपाठ ऑपरेटर तोंडाला शर्ट धरून धडपडत बाहेर आला. भोंगा वाजवला, वारा बघून सगळ्यांना पश्चिमेच्या गेटकडं काढलं, अग्निशमनला फोन केला. ऑपरेटरला नळाखाली बसवून डोळ्यांवर पाणी सोडलं. वॉचमननं पंचिंग मशीनची यादी काढून आणली. यादीत बारा नावं. माणसं भरली अकरा. हेल्पर नव्हता.

आमचे फिटर मामा तोवर पाठीवर सिलिंडर आणि तोंडाला मास्क लावून तयार होते. निवृत्तीला आलेला माणूस. नियमानं दुसरा सेट घालून मी दारात उभा राहिलो, त्यांच्या कमरेचा दोर माझ्या हातात. आत पांढरं धुकं गुडघ्याच्या वर आलं होतं. त्यात मामांची बॅटरी थोडा वेळ दिसली, मग दिसेनाशी झाली. आतून 'खट्' असा आवाज आला आणि फुसफुस थांबली. मामा दारापर्यंत आले, मास्कमधूनच ओरडले, "लिव्हर तारंनं बांधला हुता. तोडली तार. पोरगं कुठाय?"

मी म्हटलं, यादीत आहे, बाहेर आलेलं नाही.

मामा परत वळले. गळती थांबली होती, त्यांचं काम खरं तर झालं होतं. ते पुन्हा गेले ते फक्त त्या नावासाठी. काही वेळानं आतून शिट्टी ऐकू आली. सिलिंडरमधली हवा संपत आली की सेटची शिट्टी वाजते आणि त्यानंतर बाहेर पडण्यापुरताच वेळ उरतो. शिट्टी दाराकडं येत नव्हती. ती कॉम्प्रेसरच्या मागच्या अंगाला गेली. मी दोर गेटवरच्या हमालाच्या हातात देऊन आत शिरणार, एवढ्यात मागून कुणीतरी माझ्या सेटचा पट्टा धरला. ऑपरेटर होता. डोळे सुजलेले, अंगावरून पाणी गळतंय.

"साहेब, त्यो आत न्हाई. घरी हाय."

"तुला काय माहीत?"

"त्येचं कार्ड मी मारलंय."

मी दोर जोरजोरात ओढला. मामा बाहेर आले तेव्हा त्यांचे हातमोजे कोपरापर्यंत तेलानं काळे झाले होते. फरशीवर पडलेलं पोरगं हाताला लागतंय का, म्हणून ते मशीनच्या मागं गुडघ्यावर बसून चाचपत होते.

यादी वाचली तेव्हा ऑपरेटर चार हातांवर होता. हेल्परचं नाव मी दोनदा मोठ्यानं घेतलं, ते त्यानं ऐकलं होतं. मग इतका वेळ गप्प का बसला, हे मी त्याला नंतर मिरजेला दवाखान्यात विचारलं. तो म्हणाला, आधी वाटलं मामा व्हॉल्व्ह बंद करून लगेच येतील. मग वाटलं, तोंड उघडलं तर दोघांचीही नोकरी जाईल. हा माणूस वाईट नाही. पण एक माणूस हवा संपत असताना आत आहे आणि दुसऱ्याला बोलायला जड जातंय, ही वेळ त्या एका कार्डानं आणली.

हेल्परला मी तिथूनच फोन लावला होता. त्याच्या आवाजामागं ट्रॅक्टरच्या ब्लोअरची घरघर. द्राक्षबाग फुलोऱ्यात, वर पाऊस पडलेला, डावणी म्हणजे बुरशीचा रोग पडायच्या आत औषध मारायला हवं होतं. ऑक्टोबर छाटणीपासून घातलेला सगळा खर्च अशा एका ओल्या रात्रीत जातो. आमच्याही घरी बाग आहे, त्याची तगमग मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सकाळी ऑफिसमधून निरोप आला. तेल काढताना गळती झाली, आटोक्यात आली, एवढंच रिपोर्टमध्ये लिहा. दोन जुने सहकारी येऊन बसले. कार्डाचं तेवढं वगळा, गरिबाच्या पोटावर पाय देऊ नका, म्हणाले.

कोण दहा मिनिटं उशिरा येतो, चहाला गेला की कोण लवकर परत येत नाही, हे मी कधी वर कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. ते मी तोंडावर बोलतो, तिथंच मिटतं. कुणी ओव्हरटाइमचे तास फुगवत असेल तर त्यालाही आधी एकदा बजावीन. पण अमोनियाच्या प्लँटवर हजेरीची यादी फक्त पगारासाठी नसते. कुणासाठी आत जायचं, ते तीच यादी बघून ठरतं. तिच्यातलं खोटं नाव मालकाला फसवतंच, पण त्याच्या आधी ते मामांना फसवतं.

आणखी एक गोष्ट होती, ती त्या दोघा सहकाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती. कार्डाचं वगळलं असतं तर रिपोर्टमध्ये उरलं काय असतं? ऑपरेटरनं लिव्हर तारेनं बांधला, एवढंच. सगळा दोष त्याच्या एकट्याच्या माथी. त्यानं तार का बांधली? कारण लिव्हर धरायचा आणि पलीकडं जाऊन रीडिंग लिहायचं, ही दोघांची कामं तो एकटा करत होता. ती तार मी जपून ठेवली होती. बायंडिंगची साधी तार, पकडीनं दोन पीळ घातलेली. ती घाईत बांधलेली नव्हती, सवयीनं बांधलेली होती. म्हणजे प्लँटरूममध्ये एकच माणूस असण्याची ही पहिली रात्र नव्हती. विचारल्यावर ऑपरेटरनं ते मान्य केलं. दोघं आळीपाळीनं एकमेकांचं कार्ड मारायचे.

रिपोर्ट देण्याआधी दोघांनाही बोलावून मी तो वाचून दाखवला. त्यांच्यामागं काही करायचं नव्हतं. ऑपरेटर खाली बघत राहिला. हेल्पर म्हणाला, "लिवा साहेब. पण पाऊस पडल्यालाबी लिवा."

तेही लिहिलं. आमच्याकडं रजेचा अर्ज दोन दिवस आधी द्यावा लागतो आणि अवकाळी पाऊस दोन दिवस आधी सांगून येत नाही. ऐन वेळी न आल्यास ठेकेदार खाडा धरतो, शिवाय वर बोलतो. इथली निम्मी पोरं बागायतदारांच्या घरची, हे ऑफिसला माहीत आहे. तरीही ऑक्टोबर ते डिसेंबर बदली माणसाची सोय नाही. हे सगळं त्याच कागदावर, कार्डाच्या खालोखाल.

चौकशी झाली. हेल्पर काही काळ निलंबित होता, मग परत कामावर आला. ऑपरेटरला लेखी ताकीद मिळाली. कार्डाचं मशीन जाऊन अंगठ्याचं आलं. मामा त्या दोघांवर माझ्याइतके चिडले नाहीत. त्यांनी ऑपरेटरला फक्त एवढंच विचारलं, "तार बांधायचं तुला शिकवलं कुणी?" तो काही बोलला नाही. त्यानंतर तेल काढायची वेळ आली की मामा ड्यूटीवर असोत-नसोत, तिथं येऊन उभे राहतात.

आपसात पाळी बदलता यावी म्हणून एक वही ठेवा, असं मी सुचवलं होतं. ऑफिस अजून तयार नाही. एकाच्या जागी दुसरा आला की त्याचे दिवसाचे किंवा आठवड्याचे ठरलेले तास उलटतात आणि जादा तासांना दुप्पट दर द्यावा लागतो, जो १९४८ च्या कारखाने कायद्यापासूनच ठरलेला आहे. त्यांचा हिशेब चुकीचा नाही. म्हणून आता मागणी बदलली आहे. छाटणी ते फुलोरा एवढ्या काळापुरता प्लँटचं काम येणारा एक जादा हेल्पर द्या. अर्जावर मामांची सही आहे, त्या हेल्परचीही आहे. ऑपरेटरनं मात्र अजून केलेली नाही.