वडील गेले, मुखत्यारपत्रही गेलं

फ्लॅट वडिलांच्या नावावर आणि विकायला आलेला थोरला मुलगा. हातात वडिलांनी करून दिलेलं कुलमुखत्यारपत्र. शिक्के, सह्या, साक्षीदार सगळं जागच्या जागी. एजंट म्हणून कागद चाळता चाळता मी सहज विचारलं, "काका कसे आहेत?"

"ते गेले की मागच्या वर्षी."

मी फाईल मिटली. देणारा वारला की मुखत्यारपत्राचा अधिकार सहसा तिथेच संपतो. त्याला ते पटेना. "बाबांनी स्वतः सही केलीय," हेच पालुपद. त्याच्याच वकिलांनी सांगितलं तेव्हा कुठे नरमला. आता मालक चौघं: आई, दोघे भाऊ आणि परदेशातली बहीण.

आई आणि धाकटा लगेच तयार झाले. बहिणीने थोरल्याच्या नावे नवं मुखत्यारपत्र पाठवलं, पण त्यात अधिकार लिहिला होता नुसता 'देखभाली'चा. त्यावर खरेदीखत कसं होणार? विकण्याचा, सही करण्याचा अधिकार शब्दांत लिहिलेला लागतो. शिवाय परदेशातल्या कागदाला साधी नोटरी पुरत नाही. दोन्ही देश १९६१ च्या हेग करारात असतील तर अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला, नाहीतर वकिलातीतून साक्षांकन. दुसऱ्या मसुद्यात बाईंनी स्वतःहून एक ओळ घातली: माझ्या वाट्याची रक्कम माझ्याच खात्यात. भाऊ जरा हिरमुसला, मला मात्र हायसं वाटलं. पुढे वाद झाला की एजंटलाही नोटीस येते.

टायटल सर्चमध्ये, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासताना, वडिलांच्या जुन्या कर्जाचा बोजा निघाला. कर्ज कधीच फिटलेलं, नोंद तशीच. बँकेचं पत्र आणून ती उतरवून घेतली.

बेडरूमच्या कपाटामागे भिंतीला ओल होती, बोट लावलं की पापुद्रा सुटायचा. थोरला म्हणाला, "रंग मारून टाकू." मी नाही म्हटलं. माहीत असलेला दोष लपवला तर मालकाबरोबर एजंटही गोत्यात येतो. ओल साठेखतात, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्रीच्या करारात, लिहिली, त्यापोटी किंमत थोडी उतरली.

एवढं सगळं मार्गी लागल्यावर कळलं, की माझा दलालीचा करार संपायची वाट पाहून मालक आणि गिऱ्हाईक परस्पर भेटताहेत! दलाली वाचवायची, दुसरं काय. पण माझ्या लेखी करारात कलम होतं: मी दाखवलेल्या गिऱ्हाइकाने मुदतीनंतर ९० दिवसांत जागा घेतली तरी दलाली देणं लागतं. वकिलांच्या टेबलावर मी साइट व्हिजिटची वही उघडली. तारीख, फ्लॅट नंबर, खाली गिऱ्हाइकाची सही. थोरल्याने ती दोनदा वाचली, मग घसा खाकरून म्हणाला, "हप्त्यात दिली तर चालेल का?"

म्हटलं, नाही. खरेदीखताच्या दिवशी, एकरकमी. तशीच मिळाली.