कांदा, कार्मिन आणि आमच्या बाई

स्मरणिकेत गॅदरिंग, सहल आणि छड्या यावर बाकीचे लिहितीलच, मी आमच्या जीवशास्त्राच्या बाईंवर लिहितो. अकरावी-बारावीला शाळेच्याच ज्युनिअर कॉलेजला होतो. लॅबच्या खिडकीत बाटल्यांच्या तोंडावर कांदे बसवलेले असायचे, बूड पाण्याला जेमतेम टेकलेलं. पांढरी मुळं सुटली की सकाळी सकाळी टोकं कापायची, ॲसिडमध्ये मऊ करायची, ॲसिटोकार्मिन या लाल रंगाचा थेंब टाकून स्पिरिटच्या दिव्यावर स्लाइड जराशी शेकायची, मग वर टिपकागद ठेवून अंगठ्याने दाबायचं. कव्हरस्लिप सरकली की पेशींचा चेंदा आणि बाईंचा आवाज थेट हेडसरांच्या ऑफिसपर्यंत!

बाई आधी मुद्दाम बिनरंगाची स्लाइड दाखवायच्या, त्यात काही म्हणजे काही कळायचं नाही. मग रंगवलेली लावली की लाल दोऱ्यांचे तुकडे. "क्रोमा म्हणजे रंग, सोमा म्हणजे शरीर, ग्रीक आहे, रंग धरतं म्हणून क्रोमोसोम, बास," एवढंच सांगून पुढे. हे नाव वाल्डेयर नावाच्या जर्मन ॲनाटॉमिस्टने १८८८ मध्ये दिलं, न्यूरॉन हा शब्दपण त्याचाच. त्याच्याआधी वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलमँडरच्या पिल्लांच्या पेशी ॲनिलिनच्या रंगांनी रंगवून पेशीचं विभाजन बघितलं होतं, मायटोसिस हे नाव त्याने १८८२ च्या पुस्तकात दिलं. हे दोरे आनुवंशिकतेचं काम करतात हे सटन आणि बोव्हेरीने मांडलं ते १९०२-०३ च्या सुमारास, म्हणजे बारसं आधी झालं आणि धंदा काय ते नंतर कळलं! क्रोमोसोमला आपल्या पुस्तकात असलेला गुणसूत्र हा शब्द कामावरून आलाय, रंगसूत्र मात्र मूळ ग्रीक शब्दाला धरून आहे, मला तेच जास्त आवडतं.

बाईंचा खरा हट्ट मोजण्याचा. पुस्तक बंद, कांद्याची गुणसूत्रं किती ते स्लाइडवर मोजून सांग. १६ आहेत हे पाठ करून आलेल्याला परत मायक्रोस्कोपला बसवायच्या. आणि मग माणसाच्या ४८ ची गोष्ट. पेंटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२३ मध्ये ४८ सांगितली आणि तीसेक वर्षं सगळी पुस्तकं तेच छापत राहिली, १९५५ च्या डिसेंबरात स्वीडनच्या लुंडमध्ये जावात जन्मलेल्या जो हिन त्जियोने मोजली तर ४६, त्याचा आणि त्याचा सहकारी लेव्हानचा पेपर १९५६ ला आला. पेशी पसरायची पद्धत सुधारली म्हणून नीट मोजता आली हे खरं, पण मधल्या काळात ४६ दिसूनही लोक ४८ वर अडून बसले असणार असं मला आजही वाटतं.

आता मी पुण्यात एका लॅबमध्ये कॅरिओटायपिंगच करतो, म्हणजे माणसाची गुणसूत्रं मोजून तपासायचं काम. रक्ताचं कल्चर तीन दिवस, मग विभाजन मध्येच थांबवायला कोल्सिमिड, मग पेशी फुगवायला पोटॅशियम क्लोराईड, शेवटी गिम्सा नावाचा रंग, रंग बदलला पण मोजणं तेच. नवीन आलेल्या मुलांना सॉफ्टवेअर उघडायच्या आधी डोळ्यांनी मोजायला लावतो, तीपण मनात शिव्या घालत असणारच. आमची बॅच शाळेच्या लॅबला दोन मायक्रोस्कोप देतीये, ज्यांना वर्गणी द्यायचीये त्यांनी कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजच्या डावीकडे भेटा, कांदे शाळेने आणावेत.