पेन्सिल आणि बीपी

दुपारी माळा आवरायला घेतला आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा हाती लागला, मग कसलं आवरणं. पहिल्याच अंकात 'हृदयविकाराची लक्षणं'. वाचता वाचता हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला, दुखतंय का बघायला. सवय आहे ती, जाणार नाही.

लावली आजोबांनी. मासिक आलं की आरोग्याचं पान आधी त्यांचं, पेन्सिल घेऊन बसायचे. मधुमेहावरच्या लेखात सारखी तहान लागणं, रात्री लघवीला उठावं लागणं असं काही असलं की त्याखाली आजीच्या नावानं जाड रेघ, स्वतः रात्रभर उठायचे ते मात्र वयामुळे. त्यांच्यानंतर अंक माझ्याकडे, आणि त्या सुट्टीत मला दमा, संधिवात, अल्सर सगळं होऊन गेलं.

हे वेड जुनंच आहे म्हणा. 1913 मध्ये 'लेडीज होम जर्नल'नं कॅन्सरवर लेख छापला, तेव्हा चारचौघांत त्या आजाराचं नाव काढायचीही चोरी होती. 1923 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशननं सामान्य वाचकांसाठी 'हायजिया' नावाचं मासिकच काढलं. पण मला आवडतो तो 'रीडर्स डायजेस्ट'चा किस्सा. सिगारेट आणि फुफ्फुसाचा कॅन्सर यांचा संबंध दाखवणारे मोठे अभ्यास 1950 मध्येच डॉक्टरांच्या जर्नल्समध्ये आले होते, पण ती वाचतो कोण? डिसेंबर 1952 मध्ये डायजेस्टनं त्यावर एवढासा लेख छापला आणि सिगारेट कंपन्यांची झोप उडाली. त्या काळात त्यांच्या अमेरिकन अंकात जाहिराती नसायच्याच, त्यामुळे कुणाची भीडभाड ठेवायचं कारण नव्हतं. इतर मासिकांत तेव्हा जाहिरातींतून पांढऱ्या कोटातले डॉक्टर झकास धूर सोडत बसलेले. संपादकानं तरी काय करावं, डाव्या पानावर आरोग्य, उजव्या पानावर पगार!

बीपीवर लिहिणाऱ्यांची मात्र मला खरंच दया येते. बहुतेकांना बीपीचं काही लक्षणच जाणवत नाही, मग यादी कसली द्यायची आणि वाचणाऱ्यानं पेन्सिल टेकवायची कुठे? लेखात शेवटी एकच रटाळ ओळ उरते, अधूनमधून मोजून घ्या.

गठ्ठ्यात तसाही एक अंक निघाला. पान कोरं, एक रेघ नाही. आजोबा बीपीनंच गेले.