किम्साकोचा: तीन तलाव, न संपणारी दलदल आणि 40 डॉलर

आधी सगळ्यात महत्त्वाचं. किम्साकोचाच्या दलदलीच्या माळावर ट्रेकिंगचे बूट घालून जाऊ नका, ते कितीही महागाचे असोत. गुडघ्यापर्यंतचे गमबूट लागतात. वरच्या गावातला प्रत्येक माणूस तेच घालतो, हे आम्ही पाहिलं होतं, तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

दक्षिण इक्वाडोरमधलं कुएन्का शहर आणि काहास राष्ट्रीय उद्यान यांत आमचे चार दिवस छान गेले. त्याबद्दल हवं तेवढं वाचायला मिळतं, म्हणून इथे लिहीत नाही. कुएन्काजवळच्याच किम्साकोचाबद्दल मात्र खाणीच्या बातम्या सापडतात, पण चालायचं कसं हे कुणी सांगत नाही.

किचवा भाषेत किम्सा म्हणजे तीन आणि कोचा म्हणजे तलाव. याच माळाखाली सोनं आहे. 2012 मध्ये इथला खाण प्रकल्प एका कंपनीकडून दुसरीकडे गेला आणि त्याचं नाव बदलून 'लोमा लार्गा', म्हणजे लांब टेकडी, असं ठेवलं गेलं. नावातले तलाव गेले. मला हे फार खटकलं आणि तिथे जायचं ठरण्यामागे तेही एक कारण होतं.

आम्ही व्हिक्टोरिया देल पोर्तेते या गावाच्या बाजूने वर गेलो. पिकअपवाल्याने 15 डॉलर सांगितले आणि 'गाडी पार तलावापर्यंत जाते' असंही सांगितलं. ती एका फाटकाशी थांबली. पुढे गाडी जात नाही, रस्ता खराब होता म्हणून आता 40 द्या, म्हणाला. धुकं उतरत होतं, आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, आम्ही मुकाट्याने दिले. राग पैशांपेक्षा 'तलावापर्यंत' या शब्दाचा आहे, कारण त्या शब्दावर आम्ही दिवसाचं सगळं वेळापत्रक बांधलं होतं. तेव्हा गाडी कुठपर्यंत जाणार, परत न्यायला कधी येणार आणि एकूण किती घेणार, हे निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या. अर्धे पैसे परत आल्यावरच द्या. गावात आधी पाणी समितीच्या, म्हणजे गावाचं पाणी सांभाळणाऱ्या मंडळाच्या, माणसांना भेटून परवानगी विचारा. अनोळखी चेहरा वर दिसला की तो खाणीचा माणूस असेल, असं लोकांना वाटतं, आणि त्यांचा अनुभव पाहता ते बरोबरच आहे.

आता ती दलदल. उंची 3,700 मीटरच्या आसपास, चढ जवळपास नाही, लांबून पिवळट गवताचा सपाट माळ दिसतो. पहिल्या दहा मिनिटांत माझा उजवा पाय नडगीपर्यंत आत गेला. गवताच्या झुपक्यावर पाय ठेवावा तर झुपका कलंडतो, मधल्या झाडोऱ्याच्या हिरव्या गादीवर ठेवावा तर गादीखाली पाणी. विरळ हवेत प्रत्येक पाय उपसून काढताना धाप लागते. दोन तास हेच चाललं, मोजे पिळून पुन्हा घातले, बोटं बधिर झाली. पहिला तलाव दिसला तेव्हा आनंद होण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

पण खाणीविरुद्धचा लढा कशासाठी आहे, ते मला त्या दोन तासांत कळलं. या माळाला पारामो म्हणतात. ज्वालामुखीच्या राखेची काळी माती आणि न कुजलेलं गवत मिळून पाऊस-धुकं धरून ठेवतात आणि वर्षभर थोडं थोडं सोडतात. तार्की आणि यानुंकाय या नद्यांना पाणी इथूनच मिळतं, आणि या दोन्ही नद्या कुएन्कातून वाहतात. इथल्या सोन्याच्या दगडात तांब्याबरोबर आर्सेनिक आहे आणि गंधकही भरपूर. असा दगड फोडून हवा-पाण्यात उघडा पडला की आम्ल तयार होतं आणि ते धातूंना आपल्याबरोबर वाहून नेतं. खाण भूमिगत असेल, असं कंपनी सांगत आली. मी पाय घातला तिथे जमीन आणि पाणी वेगळं काढता येत नव्हतं. त्याखाली बोगदे खणून वरचं पाणी जागच्या जागी राहील, यावर माझा तरी विश्वास बसत नाही.

लोकांचाही बसला नाही. 2011 मध्ये तार्की आणि व्हिक्टोरिया देल पोर्तेते या गावांच्या पाणी समित्यांनी आपलं मतदान घेतलं, 90 टक्क्यांहून जास्त लोक खाणीविरुद्ध गेले. या पाणी समित्यांच्या लढ्यातून पुढे आलेल्या कार्लोस पेरेस यांनी आपलं नाव बदलून याकू, म्हणजे पाणी, असं घेतलं. ते प्रांताचे प्रीफेक्ट, म्हणजे निवडून आलेले प्रमुख, झाले आणि 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत तिसरे आले. जवळच्या खिरोन भागात 2019 मध्ये आणि कुएन्कात 2021 मध्ये अधिकृत सार्वमत झालं, दोन्हीकडे मोठ्या बहुमताने 'नको'. तरी जून 2025 मध्ये सरकारने खाणीला पर्यावरण परवाना दिलाच. सप्टेंबरमध्ये कुएन्काचे रस्ते माणसांनी भरले, महापौर आणि प्रीफेक्टही त्यांच्या बाजूने उभे राहिले, आणि ऑक्टोबरमध्ये परवाना रद्द झाला. भिंतीभिंतीवर अजून 'किम्साकोचा नो से तोका' लिहिलेलं आहे: किम्साकोचाला हात लावायचा नाही. लोक ते पुसत नाहीत, कारण सोनं अजून तिथेच आहे.

शरीर सवयीचं असेल तर जा. पण थेट जाऊ नका, कुएन्कात निदान तीन रात्री काढून मग चढा. सकाळी सहाला निघा, दुपारनंतर धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही आणि सगळे झुपके सारखेच दिसतात. वाट माहीत असलेला गावातलाच माणूस बरोबर घ्या आणि त्याच्या पावलावर पाऊल ठेवा. हिरव्या गाद्यांवर अजिबात चढू नका, त्या फार हळू वाढतात. आम्ही नकळत काही तुडवल्या, याचं वाईट वाटतं.

पिकअप ठरल्या वेळी आलीच नाही. आम्ही अंधार पडेपर्यंत उतरत राहिलो. शेवटी दुधाच्या कॅन नेणाऱ्या एका गाडीने मागे उभं राहू दिलं. भाडं विचारलं तर चालवणाऱ्या बाई म्हणाल्या, दोघांचा 1 डॉलर.